अंगावर पाच, जमिनीत पंच्याण्णव
(घरच्या मांजराच्या पिसवा : कारणे आणि बंदोबस्त)



आपल्या या पानांवर ऊस, पाणी, खत आणि दुधाची जनावरे यांच्याविषयी नेहमी लिहिले जाते. मांजराच्या वाट्याला मात्र कधी चार ओळी येत नाहीत. वास्तविक उसाच्या पट्ट्यात मांजर नाही असे घर विरळा. फडात उंदीर, घरात धान्याची पोती, माळ्यावर बी-बियाणे. या सगळ्याची राखण करणारा हा बिनपगारी गडी आहे. म्हशीला गोचीड झाली तर आपण लगेच दवाखाना गाठतो. मांजराला पिसवा झाल्या तर "खाजवतंय, खाजवू दे" म्हणून सोडून देतो. पुढे लेकराबाळांच्या घोट्यांवर लाल गांधी उठू लागल्या, की हाताला लागेल ते औषध मांजराच्या अंगावर ओततो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दुसरी तर मांजराच्या जिवावर बेतणारी आहे. म्हणून हा लेख.

घाटाखालचे एक घर

पिसवांचा बंदोबस्त किती नेटाने करावा लागतो हे समजून घ्यायला आपण थोडे घाट उतरून कोकणात जाऊ. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात समुद्रकाठी दिवेआगर हे गाव आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांना ते शके ९८२ च्या ताम्रपटामुळे ठाऊक असते. गाळप हंगाम आटोपला की आपल्यातील बरीच मंडळी मुलाबाळांना समुद्र दाखवायला त्या बाजूला जातात. गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेले आहे. जमीन रेताड, वर दाट सावली, वाडीला रोजचे शिंपण, आणि पावसाळा म्हणाल तर आपल्या कित्येक पट. घरोघरी पर्यटकांसाठी एक-दोन खोल्या, आणि मासळीच्या वासावर येणारी मांजरे.

आपल्या एका सभासदांची लेक अशाच एका घरी दिली आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला तिच्या घरची मांजरी व्याली. सोडणांच्या ढिगामागे, गोणपाटावर चार पिल्ले. महिन्याभरात त्यातले एक मलूल होऊन गेले. हिरड्या पाहिल्या तर पांढऱ्याफटक. मग शनिवार-रविवारी उतरलेले पाहुणे तक्रार करू लागले, की खोलीत पाय टेकवत नाही, घोट्यांना काहीतरी कडकडून चावते. दोन कुटुंबे रात्रीच सामान उचलून दुसरीकडे गेली. खोल्यांवर ज्या घराचा निम्मा खर्च चालतो, त्या घराला ही गोष्ट लहान नव्हती.

लेकीचे वडील भेटायला गेले तेव्हा त्यांनी पिशवीतून एक बाटली बरोबर नेली होती.

"पाव्हणं, आमच्याकडं म्हशीच्या गोचिडाला हे औषध रामबाण हाय. पाण्यात चार थेंब टाका आन् चोळा मांजराला."

जावई म्हणाले, "मामा, बाटलीवर मांजराचं नाव नाही कुठे."

"आवं, म्हशीला चालतं ते एवढ्याशा मांजराला न्हाई व्हय चालणार?"

औषध चोळले. तीन-चार तासांत मांजरी लाळ गाळू लागली, कान आणि कातडी फडफडू लागली, आणि मग अंगाला झटके सुरू झाले. लेकीने प्रसंगावधान राखले. "आबा, आधी धुऊन काढू, मग बोलू," म्हणून तिने भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने मांजरीचे अंग धुतले, टॉवेलात गुंडाळले आणि बाटलीसकट तिला पशुवैद्याकडे नेले. मांजरी वाचली, पण दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही.

म्हशीचे औषध मांजराला का चालत नाही?

मामांचा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. औषध पचण्याचा प्रश्न केवळ वजनाचा नसतो. गोचीडनाशकांत डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन अशी औषधे असतात. कुत्र्याच्या पिसवांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असते. ही सगळी एकाच कुळातली. म्हैस, बैल, कुत्रा यांचे यकृत या औषधांची मोडतोड करून ती बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ही सोय फार अपुरी आहे. विष रक्तात साठते आणि मज्जातंतूंवर चढते. त्यात मांजर दिवसभर आपले अंग चाटत असते. अंगावर लावलेले सर्व काही शेवटी त्याच्या पोटात जाते. अमिट्राझ नावाचे गोचीडनाशकही मांजराला असेच घातक आहे.

यावरून पुढील गोष्टी मांजराच्या अंगाला कधीही लावू नयेत :

- गुरांचे किंवा कुत्र्याचे गोचीड-पिसू औषध.
- शेतात फवारायचे कोणतेही औषध. हुमणीसाठी आणलेले क्लोरपायरिफॉस किंवा खोडकिडीसाठी आणलेले फिप्रोनिल घरात असते म्हणून ते वापरण्याचा मोह टाळावा. मांजरासाठीच्या औषधांतही फिप्रोनिल असते हे खरे, पण त्याचे प्रमाण आणि त्यातील द्रावण वेगळे असते.
- रॉकेल, फिनाईल, कापूर, तंबाखूचे पाणी, निलगिरीचे तेल. यांतील बऱ्याच गोष्टी आजीच्या काळापासून चालत आल्या आहेत, पण मांजराला त्या विषच आहेत.
- जुनी पांढरी गॅमेक्सिन पावडर. बी. एच. सी. वर आपल्या देशात १९९७ साली बंदी आली. माळ्यावर कुठे जुना डबा सापडलाच तर तो उघडू नये.

चुकून असे काही लागलेच तर कोमट पाणी व भांड्यांचा साबण यांनी अंग धुवावे, उलटी करवू नये, जनावर उबेत ठेवावे आणि औषधाची बाटली घेऊन दवाखाना गाठावा. वेळ गमावू नये.

मग पिसवा जात का नाहीत?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मांजराच्या अंगावर ज्या पिसवा दिसतात त्या एकूण पिसवांच्या शेकडा पाच धरा. उरलेल्या पंच्याण्णव अंडी, अळी आणि कोष या रूपांत जमिनीत, फटींत, गोधडीत आणि गोणपाटात असतात. आपण औषध लावतो ते त्या पाचांना. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' म्हणतात तो हा प्रकार. (सोमेश्वरनगरच्या मंडळींनी राग मानू नये.)

ऊस उत्पादकाला हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत, कारण हुमणी आपल्याला चांगली ठाऊक आहे. वळवाचा पाऊस पडला की कडुलिंबावर, बाभळीवर भुंगेरे दिसतात. पण उसाची मुळे खाणारी अळी जमिनीत असते. पिसूचेही चार अवतार आहेत. फरक इतकाच, की इथे मोठा कीटक रक्त पितो आणि अळी निरुपद्रवी असते.

पिसूची मादी मांजराचे रक्त प्याली की एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. भरात आलेली मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. अंडी पांढरी, गुळगुळीत. केसांना चिकटून राहत नाहीत. मांजर जिथे झोपते, अंग झाडते, उडी मारते, तिथे ती मीठ भुरभुरल्यासारखी पडतात. त्यांतून बारीक अळ्या निघतात. त्यांना उजेड नको असतो. त्या फटीत, रेतीत, गोणपाटाखाली शिरतात आणि मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेले रक्त, खाऊन वाढतात. पुढे अळी रेशमासारखा कोष विणते. त्या चिकट कोषावर रेती-धूळ बसते आणि तो डोळ्यांना दिसेनासा होतो.

सगळी मेख या कोषात आहे. कोषाच्या आत औषध पोहोचत नाही. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर पडत नाही. पायांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साईड यांवरून सावज आल्याचे तिला कळते, तेव्हा ती क्षणात बाहेर येते. सावज न आल्यास ती कित्येक महिने वाट पाहू शकते. दिवेआगरच्या खोलीत हेच घडत होते. सोमवार ते शुक्रवार खोली बंद, आणि शनिवारी पाहुण्याचे पाऊल पडले की आठवडाभर तयार होऊन बसलेल्या सगळ्या पिसवा एकदम बाहेर!

म्हणूनच औषध लावल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या, तर "औषध खोटं निघालं" असे लगेच म्हणू नये. जमिनीत कोष आहेत तोवर त्या खोडव्यासारख्या फुटत राहणार. उबदार, दमट हवेत अंड्यापासून पिसू होण्यास तीन आठवडेही पुरतात. उलट कोरडी हवा आणि कडक ऊन अळीला सोसत नाही. हवेतील दमटपणा निम्म्याखाली उतरला किंवा उष्णता ३५ अंशांपुढे गेली की अळ्या मरतात. तेव्हा ऊन आणि कोरडेपणा ही आपली फुकटची औषधे होत.

रक्ताचा हिशोब

"एवढीशी पिसू, ती काय करणार?" असे कोणी विचारील. पिसूची मादी दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे पंधरापट रक्त ओढते. साधारण बहात्तर माद्या मिळून दिवसाला एक मिलिलिटर रक्त पितात. अर्धा किलोच्या पिल्लाच्या अंगात सारे मिळून तीस मिलिलिटरच्या आसपास रक्त असते. अंगावर दोनशे-सव्वादोनशे माद्या असल्या तर रोज तीन मिलिलिटर, म्हणजे दहावा हिस्सा गेला! गोणपाटावरचे ते पिल्लू मलूल का झाले, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरा त्रास जंतांचा. पिसूच्या पोटात चपट्या जंताचे बीज असते. मांजर अंग चाटताना पिसू गिळते आणि जंत होतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे किंवा काकडीच्या बीसारखे तुकडे दिसले तर समजावे. रांगत्या मुलाच्या तोंडात पिसू गेल्यास त्यालाही हा जंत होऊ शकतो. तेव्हा पिसवांच्या औषधाबरोबर पशुवैद्यांकडून जंताचेही औषध घ्यावे.

तीन महिन्यांचा कार्यक्रम

दिवेआगरच्या त्या घराने पशुवैद्यांच्या सल्ल्याने जो कार्यक्रम केला तो आपल्याकडेही जसाच्या तसा लागू पडतो.

पहिली पारख. ओल्या पांढऱ्या फडक्यावर मांजराला उभे करून उवांच्या बारीक फणीने केस विंचरावेत. काळे कण पडले आणि ओलाव्याने त्यांभोवती तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा होय. नुसती माती असेल तर तांबडे होत नाही. फणीत आलेली पिसू नखावर चिरडू नये. साबणाच्या पाण्यात बुडवावी.

दुसरे, मांजराचे औषध. मांजरासाठीच बनवलेले, मानेमागे कातडीवर सोडायचे थेंबांचे औषध पशुवैद्यांकडून वजन सांगून घ्यावे. जीभ पोहोचत नाही अशा जागी, केस बाजूला सारून ते सोडावे. घरातील सर्व मांजरांना आणि कुत्र्यालाही, ज्याचे त्याचे औषध एकाच दिवशी द्यावे. एक जनावर जरी सुटले तरी तेवढे बियाणे शिल्लक राहते. दर महिन्याला एकदा, असे निदान तीन महिने. मध्येच पिसवा दिसेनाशा झाल्या म्हणून थांबू नये. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लांना औषध न लावता रोज फणी फिरवावी. गरज पडल्यास कोमट पाण्याने सौम्य साबण लावून धुवावे आणि लगेच कोरडे करावे. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरीसाठी कोणते औषध द्यावे हे पशुवैद्यांनाच विचारावे.

तिसरे, घर. मांजराला झोपायला एक जागा आणि एकच फडके नेमून द्यावे. ते फडके व त्याच खोलीतील गोधड्या-चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. घर रोज कोपऱ्यांपासून झाडावे. कपाटाखाली, कॉटखाली, उंबऱ्याच्या फटीत केरसुणी गेली पाहिजे. केर अंगणात टाकला तर पिसवा पुन्हा आत येतात. तो साबणाच्या पाण्यात टाकावा किंवा चुलीत घालावा. फरशीच्या आणि भिंतीच्या भेगा बुजवून घ्याव्यात.

चौथे, बाहेरची जागा. दिवेआगरच्या घरी सोडणांचा ढीग घरापासून लांब, उन्हात नेला. गोणपाट जाळले. पडवीलगतचा पालापाचोळा ओढून काढला आणि दोन झावळ्या छाटून तिथे ऊन पाडले. आपल्याकडे सोडणे नसतील, पण गोठ्याच्या कोपऱ्यातला पाचटाचा ढीग, खताची रिकामी पोती आणि ट्रॅक्टरच्या शेडमधली ओलसर माती ही तीच जागा होय.

पाचवे, बंद खोली. पाहुणे येण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून खोली उघडून रोज झाडायची, पंखा लावायचा, चालायचे-फिरायचे. हादऱ्याने कोष फुटतात आणि बाहेर आलेल्या पिसवा केरात आणि साबणाच्या पाण्यात जातात. खोलीत औषध फवारायचे झाले तर अळीची वाढ रोखणारे पायरिप्रॉक्सिफेनसारखे औषध जाणकाराच्या हातून मारावे, आणि ते पूर्ण वाळेपर्यंत मुले-मांजरे बाहेर ठेवावीत.

पहिल्या महिन्यात घरच्यांना फारसा फरक वाटला नाही. "एवढं करून काय उपयोग?" असे म्हणण्याची पाळी आली. दुसऱ्या महिन्यात फणीत पिसवा कमी येऊ लागल्या. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ओले फडके पांढरेच राहिले. उरलेली तिन्ही पिल्ले वाढली, आणि खोल्यांत पाहुणे पुन्हा स्वस्थ झोपू लागले.

मांजर हाकलू नका

पिसवांना कंटाळून पुष्कळ जण मांजर पोत्यात घालून शिवारापलीकडे सोडून येतात. याने दुहेरी नुकसान होते. जमिनीतले कोष घरातच राहतात आणि मांजर नाही म्हणून बाहेर आलेल्या पिसवा माणसांना चावतात. शिवाय उंदरांना रान मोकळे मिळते.

उंदीर आणि पिसू यांचे नाते महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन ओळखले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढल्या वर्षी पुण्यात पोहोचला. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग कशाने पसरतो हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हते. १८९८ च्या जून महिन्यात कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी एका प्रयोगाने दाखवून दिले, की प्लेगच्या उंदराच्या अंगावरील पिसू दुसऱ्या उंदराला रोग देते. गंमत अशी, की प्रयोगातल्या उंदरावर पिसवा पुरेशा हव्यात म्हणून त्यांनी हॉटेलभोवती फिरणाऱ्या एका मांजराच्या अंगावरून काही पिसवा काढून घेतल्या होत्या. त्यांचे म्हणणे त्या वेळी फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, झालेल्या कामाने ते खरे ठरले.

त्याच सुमारास अमरावतीला असलेले सरकारी डॉक्टर ब्युकॅनन यांनी प्लेगला अटकाव करण्यासाठी घरोघरी मांजर पाळावे असा आग्रह धरला. १९०८ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी त्यावर लिहिलेही. प्लेग मुख्यतः पसरवणारी पिसू ही उंदराची. मांजराची पिसू त्याहून वेगळी, हेही ध्यानात ठेवावे. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगची साथ आली, तेव्हाही आधी उंदीर मेले होते आणि पिसवांचा उच्छाद झाला होता. तेव्हा गावात एकाएकी उंदीर पडू लागले तर ती बातमी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी.

कोप्यांचाही विचार व्हावा

जाता जाता एक सूचना. तोडणी कामगारांच्या कोप्यांत लहान मुले जमिनीवरच झोपतात. भाकरतुकड्यावर जगणारी मांजरे, कुत्रीही तिथेच वावरतात. आपल्या रानात टोळी उतरली असेल तर कोप्यांची जागा उन्हाची, कोरडी असावी. जुन्या हंगामाच्या कोप्यांचा पालापाचोळा आधी साफ करून घ्यावा. गेल्या वर्षीच्या मुक्कामाच्या जागी पिसवांची पैदास चालू असू शकते. मुले आपली नसली तरी रक्त तेच आहे.

आपल्या घरी आज रात्री एवढेच करा : एक पांढरे फडके ओले करा, त्यावर मांजर उभे करा आणि फणी फिरवा. तांबडा डाग उमटला, तर उद्या सकाळी आधी गोणपाट उन्हात टाका आणि मग दवाखान्यात जा. गोचिडाची बाटली मात्र कपाटात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, कुलपात राहू द्या.